हिशेब तपासण्याआधी करार तपासा

कोकणातल्या छोट्या संस्थांच्या खात्यात मुलांच्या कामासाठीचा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायचा पैसा, जमा होतो तो पुष्कळदा फेब्रुवारीच्या अखेरीस, कधी मार्च अर्धा सरल्यावर. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. कंपनी कायद्याचं कलम १३५ जिला लागू आहे तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात, आणि दिलेला पैसा ठरल्या कामालाच लागला असं वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. त्यामुळे पैसे पोचून आठवडा होत नाही तोच फोन येतो : विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘युसी’, कधी पाठवताय?

सहा महिन्यांच्या पूरक आहाराचा पैसा पंधरा दिवसांत संपवायचा कसा? एक तर तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर एकदम भरून ठेवायची. नाहीतर दुकानदाराला सगळी रक्कम आगाऊ देऊन त्याच्याकडून पूर्ण मालाचं बिल आणायचं. माल भरला तर जूनच्या दमट हवेत डाळीला सोंडे लागतात, पावडरीच्या गाठी होतात, शेंगदाण्याला बुरशी धरते. आणि बुरशीच्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन असू शकतं, जे यकृताला घातक आहे. दुसऱ्या वाटेने गेलं तर कागदावर माल मुलांच्या पोटात गेलेला असतो आणि प्रत्यक्षात तो दुकानदारानेसुद्धा अजून मागवलेला नसतो. पुढे त्याने भाव वाढल्याचं कारण सांगून वजन कमी केलं तर संस्था तक्रार करणार कोणत्या तोंडाने? सगळा खर्च झाल्याची सही तिनेच करून दिलेली आहे.

हे टाळायची सोय कायद्यात आहे. काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. पण मग अहवालात ‘अखर्चित’ असा रकाना भरावा लागतो. तो रिकामा दिसावा म्हणून सारी धावपळ, आणि तिची किंमत मोजतो तालुक्याच्या गावातला कारकून, खोटी युसी टाइप करून.

मुलांच्या मदतकार्यातल्या आर्थिक जोखमीबद्दल बोलताना आपण नेहमी या कारकुनापासून सुरुवात करतो. लेखापरीक्षण कडक करा, भेटी वाढवा, फोटो मागवा. खोटा कागद भागीदार संस्थेच्या, म्हणजे निधी घेऊन गावात काम करणाऱ्या संस्थेच्या, टेबलावर तयार होतो हे खरंच आहे. पण त्यातले बरेचसे कागद ज्यामुळे तयार होतात ते कलम निधी देणाऱ्याच्या करारात आधीच छापलेलं असतं. ते कलम तसंच ठेवून तपासणी वाढवली की खोटेपणा कमी होत नाही, अधिक सफाईदार होतो.

हप्त्यांचंच बघा. करारात ४०-४०-२० अशी विभागणी नेहमीची झाली आहे, आणि शेवटचे २० टक्के काम पूर्ण झाल्यावर, हिशेब मंजूर झाल्यावर. देणाऱ्याच्या बाजूने हे सुरक्षित वाटतं. समजा प्रकल्प १८ लाखांचा आहे. शेवटचा हप्ता ३ लाख ६० हजारांचा. दापोली किंवा मोखाड्यातल्या संस्थेची स्वतःची शिल्लक ७० हजार असेल तर मधले तीन महिने तिने कार्यकर्त्यांचे पगार, भाजीवाल्याचे पैसे, गाडीभाडं कशातून द्यायचं? ती दुसऱ्या प्रकल्पाच्या खात्यातून उचलते. तिकडची तपासणी आली की तिसरीकडून आणून तिथे भरते. यात कुणी एक रुपया घरी नेलेला नसतो, पण तीन निधीदात्यांचा पैसा एकमेकांत मिसळलेला असतो आणि वर्षअखेरीला कोणाचं कोणाला हे संस्थेलाही सांगता येत नाही. जोखीम टाळायला ठेवलेल्या २० टक्क्यांनी नवी जोखीम तयार केली. शेवटचा हप्ता ५ टक्क्यांवर आणून तो अंतिम अहवालाला बांधला आणि आधीचे हप्ते तिमाही केले, तर देणाऱ्याचा कोणत्याही क्षणी अडकलेला पैसा उलट कमीच राहतो.

युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या आणखी काही संस्था २००५ पासून ‘हॅक्ट’ नावाची जी पद्धत वापरतात (२०१४ मध्ये ती सुधारली) तिचा गाभा असाच आहे. आगाऊ रक्कम फार तर तीन महिन्यांच्या कामापुरती. मागची रक्कम सहा महिन्यांहून जास्त काळ हिशेबाविना पडून असेल तर पुढचा पैसा नाही. भागीदाराची आधी बाहेरच्या लेखापालांकडून पाहणी, आणि तिच्यावरून कमी, मध्यम, लक्षणीय, उच्च अशी चार पायऱ्यांची जोखीम. ज्याची पायरी वरची त्याच्याकडे फेऱ्या जास्त. ही पद्धत मोठ्या संस्था डोळ्यांपुढे ठेवून रचलेली आहे, वर्षाला तीस लाखांची उलाढाल असलेली संस्था तिच्या प्रश्नावलीतच बुडून जाईल. पण त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : तपासणीचा खर्च भागीदाराच्या माथी मारलेला नाही.

आपल्याकडे तो मारला जातो, आणि तोही कायद्याचा चुकीचा अर्थ लावून. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराला आहे. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळलेला आहे. तरीही भागीदाराच्या अंदाजपत्रकात ‘हिशेबनीस’ दिसला की लाल रेघ ओढली जाते : ‘पाच टक्क्यांच्या वर जाता येत नाही.’ नियम उघडून बघायला दहा मिनिटं पुरतात.

वर घेतलेल्या १८ लाखांच्या प्रकल्पावर हिशेब मांडू. टॅली येणारा अर्धवेळ हिशेबनीस महिना ८ हजार, वर्षाचे ९६ हजार. सनदी लेखापालाच्या तीन अंतरिम तपासण्या, प्रत्येकी ८ हजार, म्हणजे २४ हजार. वाड्या-पाड्यांवरच्या पडताळणीचा प्रवास १८ हजार. स्कॅनिंग, संगणक दुरुस्ती, बँक शुल्क १२ हजार. एकूण दीड लाख, म्हणजे साधारण सव्वाआठ टक्के. हे दीड लाख वाचवले तर वर्षाला आणखी काही मुलांना अंडी देता येतील असं म्हणणारे भेटतात. उरलेले साडेसोळा लाख कुठे गेले हे मग सांगता येत नाही, याबद्दल ते काही म्हणत नाहीत.

परदेशी निधीच्या बाबतीत कुलूप खरोखरच कायद्याचं आहे. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा २०१० चा कायदा, सप्टेंबर २०२० मध्ये बदलला. तेव्हापासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला, तिच्याकडे परवाना असला तरी, देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि हिशेब ठेवण्याचा खर्च त्या २० टक्क्यांतच मोजला जातो. परिणामी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेमार्फत रायगडच्या आदिवासी वाड्यांवर पोचणारी साखळी तुटली. काहींनी वाट काढली ती ‘सेवाशुल्क’ या नावाची : छोटी संस्था मोठीला बिल लावते आणि अनुदानच बिल म्हणून दिलं जातं. हा प्रकार करू नये, स्पष्टच सांगितलेलं बरं. कामाचं स्वरूप अनुदानाचंच असेल तर बिलाच्या नावाने ते लपत नाही, आणि परवाना जातो तो मोठ्या संस्थेचा, तिच्या सगळ्या केंद्रांसकट. मोठ्या संस्थेने गावातले कार्यकर्ते स्वतःच्या पगारपत्रकावर घेणं आणि खरेदी स्वतः करणं ही सरळ वाट आहे. तिचीही किंमत मोजावी लागते : गावची संस्था नावापुरती उरते.

आता खरेदीच्या बिलाकडे, कारण सगळ्यात जास्त खोटं तिथेच लिहिलं जातं. ‘जीएसटी क्रमांक नसलेलं बिल ग्राह्य धरलं जाणार नाही’ हे कलम आता सर्रास असतं. कवचातल्या अंड्यांवर जीएसटी नाही. ताज्या भाजीवर नाही, ताज्या मासळीवर नाही. केवळ असा करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरजच नसते. इतर मालाच्या दुकानदारालाही महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर साधारणपणे ती बंधनकारक नाही. म्हणजे गावातल्या बचत गटाकडून अंडी आणि भाजी घेणारी संस्था, जी खरं तर उत्तम काम करते आहे, तिला या कलमानुसार एकही ग्राह्य बिल मिळू शकत नाही. मग ती तालुक्याच्या बाजारातल्या ओळखीच्या दुकानदाराकडून कोरं बिल आणते. दुकानदार त्याचे दोन-तीन टक्के घेतो. पहिल्यांदा हात थरथरतो, पुढे सवय होते, आणि ज्या दिवशी कुणाला खरोखर पैसे खायचे असतात त्या दिवशी यंत्रणा तयारच असते.

यावर उपाय साधा आहे : खरेदी चिठ्ठी. विकणाऱ्याचं नाव, गाव, मोबाइल क्रमांक, माल, वजन किंवा नग, दर, तारीख. विकणाऱ्याची आणि संस्थेच्या दोघांची सही. आणि पैसे थेट विकणाऱ्याच्या खात्यात किंवा यूपीआयने. बँकेतली नोंद हाच मुख्य पुरावा, चिठ्ठी तिला जोड. रोखीचा प्रश्नही यातच सुटतो. आयकराच्या नियमांनुसार एका व्यक्तीला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली तर विश्वस्त संस्थेचा तो खर्च धर्मादाय खर्चात धरला जात नाही. म्हणून ९,८००, ९,९००, ९,७५० अशी एकाच माणसाला ओळीने तीन दिवस दिलेली व्हाउचरं दिसली की तिथे थांबून बघावं.

पडताळणीला जाणाऱ्याने काय बघावं? फाइल नीट लावली आहे का, हे शेवटी. आधी आकडेमोड. समजा चाळीस मुलांचं केंद्र आहे आणि महिन्यात १६ दिवस अंडं द्यायचं आहे. चाळीसच्या चाळीस रोज आली तर ६४० अंडी. अंडी ट्रेने येतात, ट्रेमध्ये ३०. म्हणजे २२ ट्रे, ६६० अंडी घ्यावी लागतात. त्यातली काही फुटणार, काही नासणार, उरलेली पुढच्या महिन्यात ओढली जाणार. साठा नोंदवहीत दर महिन्याला बरोब्बर ६४० आवक, ६४० वाटप, शिल्लक शून्य, फूट शून्य असं असेल, आणि रस्ता घाटातून जात असेल, तर ती नोंदवही एका बैठकीत लिहिलेली आहे. उलट ‘४ फुटली, २ पाणावलेली, कमलला घरी ताप म्हणून अंडं घरी पोचवलं’ अशा खाडाखोडीच्या वहीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. हजेरीपटाचंही तेच. गौरी-गणपतीत, होळीच्या आसपास, ज्या दिवशी ओढ्याला पूर होता त्या दिवशी पटावर किती मुलं आहेत ते बघावं. कोकणात गणपतीच्या पाच दिवसांत पूर्ण उपस्थिती दाखवणारा पट बघून परगावचा तपासनीस कदाचित फसेल. इथला फसला तर त्याने काम सोडावं.

बिलांचे क्रमांक लावून बघावेत. जूनचं बिल ४१, जुलैचं ४२, ऑगस्टचं ४३ असेल तर त्या दुकानाला तीन महिन्यांत दुसरं गिऱ्हाईकच आलेलं नाही. बँकेचं विवरण एक्सेलमध्ये टाइप केलेलं घेऊ नये, बँकेकडून आलेलीच पीडीएफ घ्यावी. प्रत्येक मूळ बिलावर ‘अमुक प्रकल्पात खर्ची’ असा रबरी शिक्का हवा, नाहीतर तेच बिल दोन कंपन्यांना जातं. पगाराचा तक्ता सगळ्या प्रकल्पांचा मिळून एकच मागावा : समन्वयकाचा पगार एकीकडे ६० टक्के, दुसरीकडे ६० टक्के लावलेला असेल तर ते एकेका प्रकल्पाच्या फाइलमध्ये कधीच दिसणार नाही. आणि पाच मुलांची नावं यादीतून आपण निवडून त्यांच्या घरी जावं, संस्थेला निवडू देऊ नये. शासनाच्या अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अंडी-केळी दिली जातात. तीच अंडी संस्थेच्या नावावर मोजली जात नाहीत ना, हे सेविकेला विचारल्याशिवाय कळत नाही.

उद्दिष्टांचा मुद्दा यालाच चिकटून येतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जव्हार-मोखाड्यातली माणसं भिवंडी, वसई, ठाण्याकडे कामाला उतरतात. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांचं चक्र आणखी वेगळं, त्यांची मुलं बागेचा हंगाम असेल तेव्हा इथे. सप्टेंबरात साठ मुलं असलेलं केंद्र जानेवारीत वीस-बावीसवर येणं हे इथे अपयश मानता येत नाही. करारात मात्र ‘दरमहा ६० मुलं, ९० टक्के उपस्थिती’ असतं आणि पुढचा हप्ता त्याला बांधलेला. संस्थेपुढे पर्याय उरतो तो पट भरण्याचा. त्यापेक्षा करारातच दोन हंगामांचे दोन आकडे लिहावेत, आणि जानेवारी ते मे या काळात वाचणाऱ्या आहाराच्या पैशातून भट्टीवर जाणाऱ्या कार्यकर्तीचा प्रवास आणि तिथला आहार मंजूर करावा. मूल कुठे गेलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला जास्त गुण द्यावेत. कमी पट दाखवायची भीती गेली की खरा पट मिळतो.

तेव्हा सगळे भागीदार साळसूद आणि दोष फक्त कराराचा? नाही. चोरी होते, आणि कोकणात तिला सोयीचा पडणारा एक जुना प्रघात आहे : मुंबईकर अध्यक्ष. संस्था गावात, विश्वस्त परळ-डोंबिवलीत. गणपतीला आणि शिमग्याला गावी आले की अख्ख्या चेकबुकावर सह्या करून जातात, कारण एरवी कामं अडतात. दोन सह्यांचा नियम कागदावर शाबूत आणि व्यवहारात सगळा पैसा एका माणसाच्या हाती. नेट बँकिंग आलं तरी रचना तीच राहू शकते : भरणाऱ्याचा आणि मंजूर करणाऱ्याचा, दोन्ही पासवर्ड एकाच वहीत, आणि ओटीपीचा मोबाइल कारकुनाच्या खिशात. यात भर म्हणजे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो किंवा वर्षानुवर्षं पडून असतो, आणि बँक जुन्या सह्या बदलत नाही. मग निवृत्त, क्वचित हयातही नसलेल्या विश्वस्ताच्या सहीचे चेक वटत राहतात. करार करण्याआधी धर्मादाय नोंदीतली विश्वस्तांची यादी, बँकेने दिलेलं सहीदारांचं पत्र आणि शेवटच्या सभेच्या इतिवृत्तातली नावं शेजारी शेजारी ठेवावीत. तिन्ही जुळत नसतील तर ती जुळेपर्यंत पैसे थेट पुरवठादाराला द्यावेत. पुरवठादार विश्वस्ताचा मेव्हणा नाही ना, हे लेखी घ्यावं. गावात ते माहीत असतंच, फक्त विचारलेलं नसतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तिकडे महाड बुडालं, तळियेत दरड कोसळली. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत घरांवरचे पत्रे घेऊन गेलं. हे परत होणार आहे हे धरूनच आर्थिक नियम लिहायला हवेत. व्हाउचर झालं त्याच दिवशी त्याचा फोटो काढून तो कार्यालयाबाहेर, क्लाउडवर साठवायचा. मूळ फाइली तळमजल्यावर ठेवायच्या नाहीत. आपत्तीनंतरचे पहिले १४ दिवस तीन दरपत्रकांची अट स्थगित, एका ठरावीक रकमेपर्यंत एकाच दरावर खरेदी मान्य, मात्र त्याच दिवशीची दोघांच्या सहीची टिपणी हवी, असं एक पान करारात आधीपासून असावं. ते नसेल तर पत्रे, ताडपत्री, मुलांची दप्तरं त्या क्षणी मिळतील तिथून घेतली जातात आणि तीन दरपत्रकं नंतर मागच्या तारखेने बनवली जातात.

फोटोंबद्दल थोडं कडक बोलायला हवं. मदतीचं पाकीट हातात धरलेलं मूल, चेहरा स्पष्ट, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश : हा आता हिशेबाचा पुरावा समजला जातो. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आणि पुरावा म्हणून त्या फोटोची किंमत काय? पाकीट देऊन फोटो काढून पाकीट परत घेता येतं. साठ्याचा, वजनकाट्याचा, भांड्याचा फोटो घ्या. मुलाला पोचलं का, हे घरी जाऊन विचारा.

खोट सापडलीच तर काय, हे बहुतेक करारांत एका ओळीत उरकलेलं असतं : निधी तत्काळ थांबवण्यात येईल. थांबवावाच लागतो. पण भांडं चुलीवर असताना थांबवला तर उपाशी राहतात मुलं, अध्यक्ष राहत नाहीत. म्हणून थांबवण्याच्या कलमाखालीच पुढच्या ३० दिवसांची व्यवस्था लिहिलेली हवी. धान्य आणि भाजीचे पैसे निधीदाता थेट पुरवठादाराला देईल. वाटपाची नोंद केंद्रावरची कार्यकर्ती आणि पालकांतली एक बाई मिळून ठेवतील. १५ दिवसांत तपासनीस मूळ कागद, बँक विवरण आणि घरभेटी पूर्ण करेल. हिशेबाची ढिलाई निघाली तर सुधारणेची मुदत, अपहार निघाला तर वसुली, पोलीस आणि धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार, कारण विश्वस्तांना पदावरून दूर करण्याचा अधिकार सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यात आहे. कार्यकर्त्यांचा त्या महिन्याचा पगार याच ३० दिवसांच्या तरतुदीतून, थेट त्यांच्या खात्यात जावा. केंद्रावर खरं काय चाललं होतं हे सांगणारी बाई त्यांच्यातच असते, आणि तिचा पगार अजूनही अध्यक्षाच्या सहीवर अवलंबून असेल तर ती तपासनीसाला चहा देईल, माहिती देणार नाही.